वर्गातलं काम ॲपवरून घरी पोहोचवताना: शिक्षकांसाठी पायरी-पायरीने

दुसरीतल्या एका मुलीच्या वहीत ५२ वजा २७ बरोबर ३५ असं लिहिलेलं होतं. नेहमीसारखी फुली मारली असती, तर घरी फक्त फुली गेली असती. त्या दिवशी मी तिच्या हातात वर्गातला टॅब दिला, पानाचा फोटो काढायला सांगितला आणि म्हटलं, "कसं केलंस ते बोल." ती बोलली: "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले. पाच उरले. मग पाचातून दोन गेले, तीन." जेमतेम वीस सेकंद. संध्याकाळी तिच्या आईने ते ऐकलं आणि खाली लिहिलं, "हिला वजाबाकी येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. ही तर विचार करतेय, फक्त उलटीकडून." तीन आठवड्यांनी त्याच मुलीने ६३ वजा ३८ केलं आणि स्वतःहून टॅब मागितला. या वेळी आवाजात ऐट होती: "एक दशक सुटा केला, आता माझ्याकडे तेरा एकक आहेत."

फोटोत काम दिसतं, आवाजात विचार ऐकू येतो. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरातल्या बालशाळांनी दुसऱ्या महायुद्धानंतर, लोरिस मालागुत्सी यांच्या मार्गदर्शनाखाली, हेच काम भिंतीवर केलं. मुलांची चित्रं, त्यांचे फोटो आणि त्या कामाबद्दल मुलं जे बोलली ते शब्द शेजारी-शेजारी मांडून ठेवले, म्हणजे पालकांना शिकणं होताना दिसावं. आज ती भिंत पालकांच्या खिशात नेता येते, एवढाच फरक. म्हणून ॲप कुठलंही घ्या, आठवड्याला प्रत्येक मुलाचं एकच काम पाठवा, पण त्यासोबत मुलाचे स्वतःचे शब्द जाऊ द्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: ॲप निवडण्याआधी एक प्रश्न

हे काम कोणी पाहायचं आहे? फक्त त्या मुलाच्या घरच्यांनी, की सगळ्या वर्गाच्या पालकांनी? बहुतेक गोंधळ इथेच होतो. मुलाचं अडखळत वाचलेलं पान त्याच्या आजीने ऐकणं वेगळं आणि तीस घरांनी ऐकणं वेगळं. एकट्याचं काम एकट्याच्या घरी, हा माझा नियम. वर्गाने मिळून केलेलं काही असेल तेव्हाच ते सगळ्यांना दाखवते.

या एका प्रश्नावर ॲप आपोआप वेगळी होतात.

सीसॉ हे मुळात मुलाच्या कामाची डिजिटल वही म्हणून बनवलेलं आहे. मूल फोटो काढतं, त्यावर रेघोट्या मारतं, आवाज भरतं. ते काम आधी शिक्षकाकडे मंजुरीला थांबतं, मंजूर झालं की मुलाच्या जर्नलमध्ये जातं. पालकांना आपल्याच मुलाचं जर्नल दिसतं. लहान वर्गांसाठी मी हेच सुचवेन, कारण आवाज भरणं इथे अगदी सहावर्षांच्या मुलालाही जमतं. एक लक्षात ठेवा: एखाद्या कामावर दोन मुलांची नावं लावली, तर ते दोन्ही घरी दिसतं.

क्लासडोजोमध्ये दोन वेगळ्या जागा आहेत. 'क्लास स्टोरी'वर टाकलेलं सगळ्या पालकांना जातं, 'पोर्टफोलिओ'त टाकलेलं फक्त त्या मुलाच्या घरी. बटणं जवळजवळ असतात आणि दमलेल्या दुपारी चूक होते, म्हणून पाठवण्याआधी वरचं नाव वाचायची सवय लावून घ्या. पालकांना पाठवलेल्या निरोपांचं भाषांतर करण्याची सोय हा त्याचा मोठा गुण. घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असलेल्या पालकांचा संकोच त्याने कमी होतो. मुलांना वागण्याबद्दल गुण देण्याचीही सोय त्यात आहे. ती वापरलीच पाहिजे असं नाही. मी वापरत नाही, कारण गुण दिसू लागले की घरचं बोलणं कामावरून घसरून गुणांवर येतं.

२०१४ साली आलेलं गूगल क्लासरूम मोठ्या वर्गांना सोयीचं आहे, पण ते मुख्यतः शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातलं आहे. शाळेने सोय सुरू केली असेल तर पालकांना रोज किंवा आठवड्याला ईमेलने सारांश जातो: काय राहिलं, काय येतंय. मुलाने लिहिलेला निबंध मात्र त्या ईमेलमधून डोळ्यांसमोर येत नाही. तिथे मुलालाच सांगावं लागतं की घरी स्वतःचं खातं उघडून निबंध दाखव.

पॅडलेट ही भिंत आहे. सगळ्यांचं एकत्र मांडायचं असेल, म्हणजे वर्गाचं चित्रप्रदर्शन किंवा प्रकल्प, तर ती उत्तम. पासवर्ड लावा, नवीन पोस्ट मंजुरीनेच दिसतील असं ठेवा आणि मुलांची पूर्ण नावं लिहू नका.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप? सूचनांसाठी तो ठीक आहे. मुलांच्या कामासाठी नको. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, फोटो क्षणात पुढे पाठवला जातो, आणि सर्वांत वाईट म्हणजे एकाच्या कामाखाली दुसऱ्याचं काम येऊन तुलना सुरू होते. ज्याचं अक्षर वाईट आहे त्या मुलाच्या आईला काय वाटतं, ते तिने मला सांगितलं आहे. ते ऐकल्यावर मी हा मार्ग कायमचा सोडला.

एक ॲप ठरलं की वर्षभर तेच ठेवा. शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाचं ॲप वेगळं असेल तर दोन-तीन मुलं असलेल्या घराची दमछाक होते. सहकाऱ्यांशी बोलून एकच ठरवता आलं तर फार बरं.

पायरी २: परवानगी, तीही तुकड्या-तुकड्याने

मुलांच्या माहितीबद्दलचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेचा 'कोप्पा' तेरा वर्षांखालच्या मुलांना लागू होतो. युरोपचा जीडीपीआर सोळा वर्षांची मर्यादा धरतो आणि ती तेरापर्यंत खाली आणायची मुभा देशांना देतो. भारताच्या २०२३च्या कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. तुमच्या शाळेला काय लागू होतं ते मुख्याध्यापकांना विचारून घ्या आणि ॲपला शाळेची मान्यता आहे ना, हे लेखी असू द्या.

पालकांच्या परवानगीपत्रावर एकच 'होय/नाही' ठेवू नका. मी चार ओळी वेगळ्या ठेवते: मुलाच्या कामाचा फोटो, मुलाचा आवाज, मुलाचा चेहरा, आणि वर्गाच्या सामाईक पानावर मुलाचं दिसणं. पुष्कळ पालक पहिल्या दोन्हींना आनंदाने होय म्हणतात आणि चेहऱ्याला नाही. सरसकट एकच प्रश्न विचारला असता तर त्यांनी सगळ्यालाच नकार दिला असता आणि त्या मुलाचं काहीच घरी गेलं नसतं. ज्यांचा चेहरा दाखवायचा नाही त्यांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, टॅब ठेवता त्याच कपाटाला.

आई-वडील वेगळे राहत असतील तर कोणाकोणाला जोडायचं हे स्वतःच्या अंदाजाने ठरवू नका. कार्यालयातल्या नोंदी पाहून, विचारून मगच निमंत्रण पाठवा.

पायरी ३: एका बैठकीत वर्ग उभा करा

हे काम तासाभराचं आहे. वर्ग तयार करा, मुलांची फक्त पहिली नावं टाका (एकाच नावाची दोन असतील तर आडनावाचं अक्षर), मग सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी तपासा. मुलांच्या पोस्टला मंजुरी लागते ना? मुलांना एकमेकांचं काम दिसतं का, आणि ते तुम्हाला हवंय का? पालकांच्या प्रतिक्रिया आधी तुमच्याकडे येतात का? टॅबच्या कॅमेऱ्यातलं लोकेशनही बंद करा, नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद राहू शकते.

लहान मुलांना पासवर्ड नकोत. वर्गाचा क्यूआर कोड छापून भिंतीवर लावा. तो स्कॅन केला की मूल आपलं नाव निवडतं. सामाईक टॅबवर मूल चुकून दुसऱ्याच्या नावात शिरतं, हे पहिल्या महिन्यात बऱ्याचदा होतं. मंजुरीची पायरी म्हणूनच बंद करायची नाही.

पायरी ४: फोटोचा कोपरा

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, त्याला कारण आहे. पहिल्या वर्षी मी एका मुलाच्या मातीच्या घराचा फोटो सामाईक पानावर टाकला. सुंदर घर होतं. मागच्या भिंतीवर चाचणीच्या गुणांचा तक्ता होता, नावांसकट. मोठं करून पाहिलं की वाचता येत होता. एका वडिलांनी रात्री शांतपणे कळवलं. मी फोटो काढून टाकला आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचे गुण दिसले त्या सगळ्या घरांना फोन करून झालेलं सांगितलं. तक्ताही त्याच दिवशी भिंतीवरून उतरवला.

तेव्हापासून वर्गात एक ठरलेला कोपरा आहे. खिडकीजवळ एक बाक, त्यावर राखाडी रंगाचा कार्डशीट, मागे मोकळी भिंत. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची दोन पावलं: इथे उभं राहायचं. उजेड समोरच्या खिडकीतून येतो, म्हणजे मुलाची सावली कागदावर पडत नाही. टॅब कागदाला समांतर धरायचा आणि कागदाच्या चारही कडा चौकटीत बसवायच्या. पेन्सिलीचं काम फिकट दिसतं, तेव्हा दिवा न लावता खिडकीकडे सरकायचं. दिव्याने वहीच्या पानावर चकाकी येते.

हे मुलांना एका दिवसात शिकवू नका. मी चार दिवस घेते. पहिल्या दिवशी फक्त फोटो. दुसऱ्या दिवशी फोटो पाहून "हे आजीला वाचता येईल का?" असं स्वतःला विचारायचं, नसेल तर पुसून पुन्हा काढायचा. तिसऱ्या दिवशी आवाज. चौथ्या दिवशी निवड: या आठवड्यातल्या कामातलं कुठलं घरी पाठवायचं, आणि का.

आवाजाला मुलं आधी बुजतात. "हे माझं चित्र आहे" म्हणून थांबतात. त्यांना सुरुवात करून द्यावी लागते. कोपऱ्यात तीन अर्धवट वाक्यं लावून ठेवा:

- मी आधी … केलं, मग …
- मला इथे अडलं, कारण …
- पुढच्या वेळी मी …

वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्याहून लांब झालं की मुलं पाठ केल्यासारखं बोलतात. व्हिडिओपेक्षा फोटो आणि आवाज हीच जोडी बरी: ७२० पिक्सेलचा एक मिनिटाचा व्हिडिओसुद्धा साधारण ४० ते ६० एमबी होतो, आणि पलीकडच्या पालकाचा फोन आधीच भरलेला असतो. व्हिडिओ ठेवा नाचाला, प्रयोगाला, खेळाला, जिथे हालचाल हेच काम आहे.

चौथ्या दिवशीची निवड मुलावर सोडणं अवघड जातं. आपल्याला वाटतं, सगळ्यात नीटनेटकं जावं. पण एका मुलाने तीनदा खोडलेली गोष्ट निवडली आणि सांगितलं, "यात मी शेवट तीनदा बदलला, तिसरा मला आवडला." त्या खोडलेल्या ओळींचं पान घरी गेलं नसतं, तर तो शेवट कसा सापडला हे कोणाला कळलं असतं?

पायरी ५: तुमची एक ओळ

मंजूर करताना खाली शिक्षकाची एक ओळ जावी. "छान!", "खूप सुंदर काम!" याने पालकांना काहीच हाती लागत नाही. त्या ओळीत दोन गोष्टी हव्यात: काय पाहावं आणि मुलाला काय विचारावं.

उदाहरणार्थ: "या गोष्टीत तिने पहिल्यांदाच संवाद लिहिलाय. दोन्ही पात्रं वेगवेगळ्या आवाजात वाचून दाखवायला सांगा." किंवा: "त्याने आलेखाच्या आडव्या रेषेवर वार लिहिलेत. बुधवारी रेघ खाली का आली, हे त्याला ठाऊक आहे. विचारून पाहा."

"आज शाळेत काय केलंस?" "काही नाही." हा रोजचा संवाद प्रत्येक घराला माहीत आहे. बुधवारी रेघ खाली का आली, या प्रश्नाला 'काही नाही' असं उत्तर देता येत नाही.

कामाच्या फोटोवर गुण लिहू नका. रूथ बटलर यांचा १९८८ सालचा प्रयोग शिक्षकांमध्ये बराच चर्चिला जातो: ज्या मुलांना फक्त लेखी अभिप्राय मिळाला त्यांचं काम सुधारलं, ज्यांना अभिप्रायासोबत गुणही मिळाले त्यांना अभिप्रायाचा फायदा झालाच नाही. घरीही हेच घडतं. आकडा असला की नजर आकड्यावर जाते आणि ओळ वाचायची राहते.

वेळेचा हिशोब मांडूया. तीस मुलं, प्रत्येकाचं आठवड्याला एक काम, चाळीस सेकंद ऐकायला: वीस मिनिटं. ओळ लिहायला अर्धं मिनिट धरलं तर आणखी पंधरा. एकूण पस्तीस मिनिटं, दोन बैठकींत विभागली तर जड जात नाहीत. रोज सहा मुलांचा कोपरा ठेवला तर पाच दिवसांत तीसही होतात. प्रत्येक मुलाचं नाव असलेला एक तक्ता ठेवा आणि पाठवलं की खूण करा. बोलकी, हुशार मुलं आपोआप पुढे येतात. गप्प बसणाऱ्याचं तीन आठवडे काहीच गेलेलं नाही हे तक्ता नसेल तर लक्षात येत नाही.

पायरी ६: पालक जोडणं

निमंत्रणाचा कागद दप्तरात टाकून भागत नाही. तो दप्तरातच राहतो. पालकसभेला सगळे समोर असताना, त्यांच्याच फोनवर, तिथल्या तिथे जोडून द्या. त्याआधी प्रत्येक मुलाची एक पोस्ट तयार ठेवा: स्वतःचं चित्र आणि "आई, मी बोलतोय, ऐकू येतंय का?" एवढाच आवाज. ॲप उघडल्याबरोबर आपल्या मुलाचा आवाज आला की सभागृहातली कुजबुज कशी बदलते ते एकदा अनुभवा.

अडचणी ठरावीक असतात. फोनमध्ये जागा नाही: मग ब्राउझरमधून वेबसाइट उघडून द्या. ईमेलचा पासवर्ड आठवत नाही: ॲपमध्ये फोन नंबरने जोडायची सोय असेल तर ती वापरा. जोडलं, पण पाहत नाहीत: बहुधा नोटिफिकेशन बंद असतं. दोन भावंडं आहेत: दुसरं खातं उघडायचं नाही, त्याच खात्यात दुसरं मूल जोडायचं.

त्याच सभेत हेही सांगा की तक्रार, फी, गृहपाठाची विचारणा मुलाच्या कामाखाली लिहायची नाही. तिथे मूल वाचतं. आणि निरोपांना तुम्ही किती वाजेपर्यंत उत्तर देता तेही सांगून टाका. क्लासडोजोमध्ये शांत वेळ ठरवायची सोय आहे.

प्रतिक्रिया कशी द्यावी, हे पालकांना कोणी सांगितलेलं नसतं. दोन सुरुवाती सुचवते: "मला दिसलं की तू…" आणि "तू हे कसं ठरवलंस?" लिहिता न येणाऱ्या आजी-आजोबांना आवाजात बोलू द्या, ॲपमध्ये ती सोय असेल तर. एका मुलाने आजोबांचे पंधरा सेकंद वर्गात सगळ्यांना तीनदा ऐकवले होते. "अक्षर सुधार" असं कोणी लिहिलं तर मी ते मुलापर्यंत जाऊ देण्याआधी त्या पालकांना फोन करते, आणि या पानात मूल कशाबद्दल बोलतंय ते सांगते. बहुतेक जण स्वतःच ती ओळ बदलतात.

ज्यांच्याकडे ॲप पोहोचत नाही

प्रत्येक वर्गात अशी दोन-चार घरं असतात. फोन एकच आणि तो दिवसभर कामावर, नेट नाही, किंवा ॲप नकोच आहे. त्यांच्यासाठी तीच निवड, तीच ओळ, पण कागदावर: कामाची प्रत, खाली मुलाने सांगितलेलं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहिलेलं, आणि पालकांना लिहायला रिकामी जागा. मुलाला न्यायला कोणी येत असेल तर दारातच टॅबवर आवाज ऐकवा. दोन मिनिटं लागतात. ॲपवर प्रतिक्रिया आली नाही म्हणून मुलासमोर कधीही काही बोलू नका. जोडलेल्या आणि न जोडलेल्या घरांची यादी भिंतीवर लावणं तर नकोच नको.

वर्ष संपताना

शेवटच्या महिन्यात मुलांना पहिल्या आठवड्यातलं आणि आताचं काम शेजारी-शेजारी उघडून द्या आणि तिसरा आवाज भरायला सांगा: "तेव्हा मी… आता मी…" माझ्या वर्षभरातल्या सगळ्या पोस्टमध्ये घरच्यांनी पुन्हा-पुन्हा ऐकल्याचं कळवलेली पोस्ट हीच.

मग आवराआवर. पालकांना काम उतरवून घ्यायला सांगा. सीसॉच्या वेबसाइटवरून पालकांना मुलाचं जर्नल झिप फाइलमध्ये घेता येतं. ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी शाळेच्या संगणकावर एक दुपार ठेवा, पेनड्राइव्ह घेऊन या म्हणावं. त्यानंतर वर्ग बंद करा, टॅबच्या गॅलरीत राहिलेले फोटो पुसा, भिंतीवरचा क्यूआर कोड काढून फाडून टाका, आणि शाळा सोडून गेलेल्या मुलांची खाती काढली गेली आहेत ना, ते पाहा. पावलांच्या चिकटपट्ट्या मात्र मी राहू देते. जूनमध्ये नवी मुलं आली की पहिल्याच दिवशी विचारतात, "इथे उभं राहून काय करायचं?"